बोलावणं

"आजही कापला म्या त्या ठगाचा फोन," धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टेकत तुळशीरामनं सुनेला सांगितलं, कुस्ती मारून आल्यागत.

कोकिळा कपाशी वेचत होती, पण जीव लिंबाखाली निजलेल्या अपेक्षापाशी होता. चार वर्षांची पोर, पंधरा दिवस झाले ताप हटत नव्हता आणि कुठं न पडता पायांवर निळे डाग उठत होते. परवा उपकेंद्रातल्या रेणुका सिस्टरनं तिला तपासलं, टॅबवर बोटं फिरवली आणि म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात कळवलं. तिथून बोलावणं येईन." कोकिळानं चिठ्ठी मागितली, तर म्हणे लागत नाही. आजाराचं नावही सिस्टरनं घेतलं नाही. तेव्हापासून कोकिळा भ्यायली होती. बोलावणं म्हणजे कोणी तरी दारी येणार, म्हणून ती दोन दिवस रस्त्याकडं डोळे लावून बसली होती.

"तीनदा झालं," सासऱ्याचं चालूच होतं. "बाई मोठी गोड बोलते. आधारचे आकडे सांगा म्हने. मी काय येडा हाय?"

"अजून काय म्हने?"

"पोरीचं नाव, वय. आन् आंगावरचे डाग वाढले काय म्हने."

कोकिळाच्या ओटीतला कापूस खाली सांडला.

"मामाजी, ठगाले डाग कसे ठाऊक?"

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं खिशातला फोन काढून सुनेच्या हातात दिला. तिनं त्याच नंबरवर लावला. दोनदा लागलाच नाही. तिसऱ्यांदा पलीकडून बाईचा आवाज आला.

"अपेक्षाची आई का? अहो, मोठ्या दवाखान्यातून कधीपासून फोन करतेय. आजच निघा. पलंग राखून ठेवलाय. कागद नसला तरी चालेल, गेटवर फक्त तिचं नाव सांगा."

चिठ्ठीवाचून कोणी उभं करणार नाही, ही धास्ती गेली. कोकिळाला हायसं वाटायला हवं होतं.

"नांदुऱ्याहून गाडी भेटते," तुळशीरामनं पोरीला खांद्यावर घेतलं. "पन कोकिळा, मोठ्या दवाखान्यात तं लोकायले ताटकळत ठेवतात. आपल्याच पोरीसाठी एवढी घाई काऊन करून राह्यले?"

कोकिळाला कारण कळलं होतं: सिस्टरनं ज्याचं नाव घेतलं नाही, तो आजार मोठा होता. तिनं ओटी सोडली आणि त्याच्या आधी रस्त्याला लागली.