लाल रान

शहाजीनं काठीचं टोक भिंतीवर पाडलेल्या उपग्रहाच्या चित्रातल्या लाल चौकोनावर टेकवलं आणि सभेकडं तोंड केलं.

"बघा. मेंढरं फिरली की रान रगतावानी लाल हुतं. आता तर आभाळातनं दिसाय लागलंय."

ग्रामपंचायतीच्या खोलीत हशा पिकला. दाराशी बसलेल्या मायाक्कानं मांडीवरच्या घोंगडीतलं एक कुसळ उपटलं.

आज वरच्या माळाचा निकाल होता. पाणी मुरवायला माळावर चर खणायचे, गवत वाढवायचं, आणि ते वाढेस्तोवर चराई बंद. पावसाळ्यात काळ्या रानात मेंढरांची खुरं कुजतात, तेव्हा खडी टाकल्यासारखा तो कोरडा माळच लागतो. पण ती मेंढरांची अडचण होती, गावाची नव्हे.

"मायाक्का, उपग्रहाला बी तुझ्याच मेंढरांचा वास लागला की," मागून कुणी तरी म्हणालं. तिनं दुसरं कुसळ उपटलं.

सोलापूरच्या कार्यालयातून आलेली ऋतुजा मघापासून बोलायची वाट बघत होती.

"काका, लाल म्हणजे उजाड नाही. या चित्रात जोमदार पीक लाल दिसतं. जानेवारीतलं आहे, ज्वारी उभी असतानाचं. उजाड ते राखाडी. तो वरचा माळ."

"आन ह्ये लालभडक कुणाचं?"

तिनं लॅपटॉपवर गट नंबर पाहिला. "तुमचंच."

शहाजीनं काठी हळूच भिंतीवरून काढली. मग छाती काढली.

"तरी म्हणलं. रान कसायला अंगात कसब लागतंय. मेंढरं हाकण्याइतकं सोपं न्हाय ते."

मायाक्का आता भिंतीकडं बघत होती. शहाजीच्या रानाशेजारी ज्ञानबाचं ओढ्याकडचं लाल होतं, त्यापलीकडं शिवूचं बांधालगतचं. बाकी शिवार फिकं. गेल्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा येडू ह्याच वाटेनं वाघर, मेंढरं कोंडायचं जाळं, उचलत गेले होते. ज्याच्या रानात ते लावावं, त्याच्या रानात मेंढरं रात्री बसायची आणि लेंडीमुताचं खत करून उठायची. त्या उपग्रहानं आभाळातून बरोबर त्यांचाच माग काढला होता.

शहाजीसारख्याला सांगून पटवायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा.

"बाई, माळ राखला तर गवत येईल?" तिनं एवढंच विचारलं.

"येईल मावशी. खालच्या विहिरींनाही पाणी वाढेल."

"मग चांगलंच हाय."

सरपंचांनी ठराव वाचला. माळ पूर्ण बंद करायचा, बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. शहाजीचा हात पहिला गेला. दुसरा मायाक्काचा.

"अगं, तू कुणीकडं? ह्यो बंदीचा ठराव हाय," सरपंच म्हणाले.

"व्हय, कळतंय की. पावसाळ्यात माळ न्हाय म्हंजे मेंढरं हितं ऱ्हात न्हाईत. अकलूजवाले लई मागं लागल्यात, आमच्याकडं या म्हणून. उन्हाळ्यात बी तिकडंच बसवू. हितं कशाला उगं रानं लाल करायची."

ज्ञानबानं भिंतीकडं पाहिलं, मग शिवूकडं.

"बाई," मायाक्का म्हणाली, "पुढच्या जानेवारीत बी फोटू येणार न्हवं?"

"येणार की. दर वर्षी येतात."

"झालं मग. समद्यांना दिसंल."

शहाजीनं वर गेलेला हात खाली आणता आणता टोपी सरळ केली.

"म्हंजे, आर्धा माळ आदी बंद, आर्धा मागनं, असं काय जमतंय का, बाई?"

ऋतुजा म्हणाली, जमतं. पुष्कळ गावांत तसंच करतात. ती नकाशावर माळाच्या मधून रेघ ओढायला लागली.

मायाक्काचा हात अजून वर होता. दुसऱ्या हातानं तिनं घोंगडीतलं आणखी एक कुसळ उपटलं. घरी गेल्याबरोबर येडूला सांगून ठेवायला हवं होतं, की कुणी विचारलं तर आपल्याला अकलूजहून बोलावणं आलंय म्हणायचं.