पालीच्या बर्फ कारखान्यातली मोटर

सकाळपासून रसिका सारखी घड्याळाकडे बघत होती. पालीच्या बर्फ कारखान्यात बर्फाचा चुरा बोटींच्या धक्क्याकडे ढकलणारा लांबलचक स्क्रू आज पहिल्यांदाच नव्या ड्राइव्हवर चालणार होता, आणि त्याची मोटर तिच्या बाबांनी, हरिश्चंद्रांनी, निवडली होती.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी पेटी. पण ती प्रत्येक मोटरला मानवत नाही. वेग उतरवला की मोटरच्या पाठीवरचा पंखाही मंद होतो, वारा कमी पडतो, ओझं मात्र तेवढंच, आणि मोटर तापते. म्हणून रसिका महिनाभर कानीकपाळी ओरडत होती की बाबा, ड्राइव्हसाठी बनवलेलीच घ्या, वेगळा पंखा असलेली. पण ऐकतील तर ते हरिश्चंद्र कसले. भाईंदर पश्चिमेला चाळीस वर्षं जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा माणूस. त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेली जुनीच दिली. "हळू चालली की तिला उलट आराम," म्हणाले. आता मोटर म्हणजे काय पेन्शनर आहे, आराम करायला? पण बापाला हे सांगायचं कोणी.

कारखान्याची मालकीण अंबिका दारातच भेटली. "काका, पाच बोटी लागल्या हायत. मासली उन्हात हाय, बर्फ थांबला न्हाय पायजे."

धक्क्यावरच्या बायकांना टोपल्या भरायला उसंत मिळावी म्हणून वेग निम्म्याहून खाली ठेवला. स्क्रू कुरकुरत फिरू लागला. पहिली बोट भरली, दुसरी भरली. रसिकाचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. अर्ध्या तासाने तिला तारेवरच्या वार्निशचा जळका वास आला.

"बाबा, तापतेय."

हरिश्चंद्रांनी मोटरवर तळवा ठेवला. त्यांचं मापच ते. पाचापर्यंत मोजायचं, हात टिकला तर मोटर ठीक. ते पाच मोजून दहावर गेले.

"कोमट आहे. उगाच जीव खातेस."

रसिकाला क्षणभर लाज वाटली. चाळीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पण वास काही खोटा नव्हता. तिने त्यांच्या हाताशेजारी आपला हात टेकवला आणि एक म्हणायच्या आत झटक्यात मागे घेतला. बाबांचा हात अजून तिथेच होता. तिने मनगट धरून तो ओढून काढला. तळवा लालबुंद झाला होता, मधोमध फोड धरत होता.

"बाबा, कधीपासून?"

ते तळव्याकडे बघत राहिले. "गणपतीच्या आधीपासून असेल. चहाचा कप गरम आहे हे हाताला कळायचं नाही. तुझ्या आईला सांगू नकोस."

 महिनाभर ती मोटरवरून भांडली, आणि भांडायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

हरिश्चंद्रांनी स्वतःच बटण दाबलं. स्क्रू थांबला तशी अंबिका धावत आली. "काका, बंद का केली?"

"पेटीतलं सेटिंग जरा..." रसिका सांभाळून घ्यायला गेली.

"सेटिंग नाही," हरिश्चंद्र म्हणाले. "मोटर मी चुकीची दिली, अंबिका. अजून चालवली तर जळेल. नवी रसिका निवडेल, मला विचारायला येऊ नकोस."

अंबिका तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली आणि बायकांना हाका मारत गेली. उरलेल्या तीन बोटींसाठी हाताने बर्फ वाहायला घमेल्यांची रांग लागली.

रसिकाने बाबांना बाकावर बसवलं आणि चुऱ्याचं एक घमेलं ओढून त्यांचा हात त्यात घातला.

"थंड लागतंय ना?"

 हरिश्चंद्रांनी बर्फात बोटं हलवून पाहिली, पुन्हा हलवली.

"तूच सांग," ते म्हणाले, "थंड आहे का?"