एव्हर्टनचा गळा, टेरीचं तोंड

गाणं एव्हर्टनचं होतं, गळाही त्याचाच, पण टीव्हीवर तोंड मात्र टेरीचं दिसणार होतं. कारण जमैकाहून आलेल्या आईबापांचा काळा मुलगा पुढे उभा केला तर रेकॉर्ड खपणार नाही असं कंपनीनं ठरवलं, आणि वुल्वरहॅम्प्टनच्या त्या बँडमधल्या एकाही गोऱ्यानं हूं की चूं केलं नाही. एव्हर्टननं केलं. म्हणून मंगळवारी तालमीच्या खोलीमागे बँडच्या म्होरक्यानं, क्लाइव्हनं, त्याला जबडा मोडेपर्यंत बुटांनी तुडवलं.

गुरुवारी दुपारी ते लंडनच्या स्टुडिओत होते. टीव्हीसाठी गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करायचं, हा संगीतकार संघटनेचा नियम. म्हणून टेरीनं ते संघटनेच्या माणसासमोर कसंबसं गायलं, मग ड्रमर मिक त्या माणसाला बिअर पाजायला घेऊन गेला, आणि सगळेच बँड करत तसं क्लाइव्हनं टेप बदलून मूळ रेकॉर्डची लावली. टेरीनं आता नुसते ओठ हलवायचे होते.

रंगीत तालमीत दुसऱ्या कडव्यापाशी टेपमधून धप्प असा आवाज आला.

"झकास!" फ्लोअर मॅनेजर म्हणाला. "काय बडवलंत रे हे?"

"सासूची गादी," मिक हसला. मग क्लाइव्हच्या कानाशी लागला. "आईशपथ, मी नाही वाजवलेलं ते."

क्लाइव्हनं आवाज ओळखला होता. बरगडीवर बूट बसला की असाच येतो. पण रेकॉर्ड महिन्यापूर्वीची होती आणि मार परवाचा.

"दुसरी टेप लाव ना," मिक म्हणाला.

"आणि टेरीचं रेकणं ऐकवू देशाला? आज आपटलो, तर जन्मभर पबात वाजवत बसशील. गप राहा."

प्रक्षेपण सुरू झालं. आता प्रत्येक ओळीला ठोका पडत होता, आणि टेपवरचा एव्हर्टन तोंडात रक्त साचल्यासारख्या ओल्या आवाजात, पण तितक्याच गोडव्यानं, गात होता. समोरची पोरंपोरी ठोक्यावर टाळ्या देत होती. दर ठोक्याला टेरी कमरेत वाकायचा, त्याच्या पांढऱ्या शर्टावर तांबडं पसरत चाललं होतं, तरी ओठ एका अक्षरानंही चुकत नव्हते.

क्लाइव्ह त्याला सावरायला धावला.

गाणं संपलं, टेप थांबली, ठोके थांबेनात. टेरी केव्हाच खाली कोसळला होता, आणि क्लाइव्हचा उजवा पाय वर जात होता, खाली येत होता. कॅमेऱ्याशेजारी फ्लोअर मॅनेजर हसतमुखानं हवेत बोट गोल फिरवत होता: चालू दे, चालू दे.