लांब टेबलावरची माणसं

मी टेबल बोलतोय. हो, तोच, कॉलेजसमोरच्या खानावळीतला सगळ्यात लांब. दोन्ही बाजूंना मिळून डझनभर माणसं माझ्यावर आरामात जेवतात आणि मला त्याचा गर्व आहे. असू दे की! काही टेबलं जन्मभर दोनच तोंडं बघतात.

खरं तर माझा जन्म जेवणासाठी झालाच नव्हता. सुताराने मला घडवलं ते कॉलेजच्या रसायनशाळेसाठी. अस्सल सागवान! पोरांनी माझ्यावर काय काय सांडलं ते विचारू नका, काळे डाग अजून अंगावर आहेत. पुढे तिथे चकचकीत दगडी ओटे आले आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचललं खानावळीच्या मालकीणबाईंनी. घासूनपुसून लख्ख केलं, नळाच्या भोकात लाकडी बूच ठोकलं. डाग बघून कुणी नाक मुरडलं की त्या म्हणायच्या, "शिकलेलं टेबल आहे ते. तुमच्यापेक्षा जास्त वर्षं कॉलेजात काढलीत त्याने!"

मग फॅशन बदलली. दोघांपुरती गोल टेबलं खिडकीशी आली आणि मी मागच्या भिंतीला लागलो. माझ्याकडे यायची फक्त एकटी जेवणारी पोरं. त्यांची रीत ठरलेली. मध्ये एक खुर्ची सोडून बसायचं आणि त्या खुर्चीवर दप्तर ठेवायचं. दोन घास, मोबाइल, पुन्हा दोन घास. शेजारच्याकडे बघायचं म्हणून नाही. माझा नुसता संताप व्हायचा.

अगदी टोकाला एक मुलगी बसायची. पहिल्या वर्षाची, दूरच्या गावाहून आलेली. जेवताना आईचा फोन आला की ठोकून द्यायची, "हो गं आई, मैत्रिणींबरोबरच आहे. ऐक ना, किती गोंधळ चाललाय!" आणि फोन खिडकीजवळच्या टेबलांकडे धरायची. बिचारी करणार काय? वडिलांनी पाठवतानाच बजावलं होतं, "एकटी पडलीस असं कळलं, तर त्याच दिवशी घरी घेऊन येईन." आणि तिला तर शिक्षण पुरं करायचं होतं.

एकदा आईवडील तिला भेटायला आले. तिने त्यांना गावभर जेवू घातलं, पण माझ्याकडे काही फिरकली नाही. निघायच्या दिवशी मात्र आई हटून बसली की तू रोज जेवतेस तिथेच जेवायचं. भर दुपारी तिघं माझ्यापुढे हजर!

"आधी का नाही आणलंस इथे?" बाबा खुर्ची ओढत म्हणाले. "त्या मंद दिव्यांच्या हॉटेलात मी काय खाल्लं, ते अजून मला कळलेलं नाही."

"आणि त्या दुसऱ्या ठिकाणी एवढी मोठी बशी आणि मध्ये एवढासा मासा," आई म्हणाली. "शोधण्यातच वेळ गेला."

पोरगी कसनुशी हसली. आईने माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि तिचा चेहरा उजळला. एका टेबलावर जेवतात म्हणजे ती आपलीच माणसं, एवढा साधा हिशेब तिचा.

"म्हणजे हे सगळे तुझे मित्रमैत्रिणी!" असं म्हणत तिने आपल्या ताटातले भाजलेले बटाटे जवळच्या उंच मुलीला वाढलेसुद्धा. "घे गं, लाजू नकोस. आमच्या हिला सांभाळून घेतलंत, फार बरं वाटलं बघ. आणि तू रे चष्मेवाल्या? एवढंसंच खातोस?"

चष्मेवाला पार गोंधळला. "थँक्यू काकू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पोरगी गप्प राहिली असती तर निभावून गेलं असतं. बाबा खुशीत होते, गाडीची वेळही होत आली होती. पण आई डोळे पुसत म्हणाली, "आता मी निर्धास्त जाते," आणि पोरीला राहवेना.

"आई, मी यांच्यातल्या कुणालाच ओळखत नाही. मी रोज एकटीच जेवते."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "सामान बांध," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, संपलं सगळं. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात उंच मुलगी पुढे वाकली. "काका, एकटं जेवणारी काय फक्त हीच आहे? मीही घरी हेच खोटं सांगते."

"मीपण," चष्मेवाला म्हणाला. "मला वाटायचं, हिलाच कुणाशी बोलायचं नसतं."

"मीपण," त्याच्या पलीकडून आवाज आला. मग आणखी एक. थेट दुसऱ्या टोकापर्यंत!

आई सगळ्यांकडे बघत राहिली आणि मग अशी कडाडली, की मालकीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अरे, मग ही दप्तरं काय जेवायला बसलीत? उचला ती! सरका जवळ!"

काय सांगू त्या खुर्च्यांचा आवाज! मला तर तो वाजंत्रीसारखा वाटला. बाबा स्वतः उठले, लेकीशेजारची खुर्ची मोकळी केली आणि उंच मुलीला म्हणाले, "बस इथे, बाळ." आणि बायकोकडे वळून, "आपण पुढच्या गाडीने जाऊ. सूप मागव सगळ्यांना."

पोरगी राहिली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे, आणि मी खानावळीच्या मधोमध! गोल टेबलं रिकामी असली तरी लोक माझ्यासाठी थांबतात. कोपरं टेकून वाद घालतात, एकमेकांच्या ताटातलं पळवतात, हसता हसता माझ्यावर बुक्क्या मारतात. अंग दुखतं, पण तक्रार कोण करतोय?

तुमचंही कुणी परगावी शिकत असेल, तर भेटायला जाल तेव्हा त्याला घेऊन माझ्यासारख्या लांब टेबलावर जेवायला बसा. शेजारच्याला बेलाशक विचारा, "काय घेतलंस रे?" आणि जागा नाही असं दिसलं तरी मागे फिरू नका. जरा कोपरं आवळली, की माझ्यावर आणखी एक माणूस नेहमीच मावतो.