कोठीने ठेवलेला सूर

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा. कोठीची गोष्ट सांगतो. अंगावर काटा आला तर देवाचं नाव घ्या.

द्राक्षांची वाइन करायच्या त्या जागेला सगळे कोठीच म्हणत. नव्या सुनेने एकदा विचारलं होतं, "मामंजी, या नावात द्राक्ष कुठे आलं?"

"आलंच नाही, पोरी," सासरे हसले. "मूळ शब्द कोष्ठ. म्हणजे आतली जागा, पोटासारखी. आधी तिथे धान्य ठेवत, वाइन मागाहून आली. नावात आहे ते फक्त ठेवणं. आणि ठेवलेलं ती सहज सोडत नाही बरं."

पुढे तिचा नवराच रसाचा हौद धुताना आत राहिला, जिवंत वर आलाच नाही. रस आंबला की जीवघेणी हवा तळाशी साचते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रीत अशी, की धुणाऱ्याने गात राहायचं आणि वरच्याने त्याच्या कमरेचा दोर धरायचा. गाणं थांबलं की ओढायचं. त्या दिवशी तो एकटाच उतरला होता.

वर्ष उलटलं. हौद धुवायचं काम तिच्या वाट्याला आलं.

"वहिनी, सूर लावा, नाहीतर मला डुलकी लागेल," वरून धाकटा दीर म्हणाला.

"लागू दे भावजी, उद्या तुम्हालाच उतरवते!"

देवाचं पद म्हणत ती भिंत घासू लागली. दुसऱ्या कडव्याला कानामागून आणखी एक आवाज मिळाला. ओळीच्या शेवटी किंचित घसरणारा. त्याचाच! तिच्या हातातला ब्रश गळला. तळची हवा तिला चढली होती; ती भिंतीला टेकून खाली बसली, जीभ उचलेना. ती गप्प झाली. पद मात्र चालूच राहिलं.

"घसा बसला वाटतं! चालू द्या, चालू द्या," दीर हसला. हौदात सगळ्यांचेच आवाज जाड होतात.

किती गोड गात होता तो! ऐकत पडून राहावं... आणि तिच्या ध्यानात आलं, हा गातोय तोवर दोर हलायचा नाही. याच सुरासाठी वर्षभर तिने देवाला आळवलं होतं. ओठ हलेनात. तिने मनातच हात जोडले, "अहो, गप्प बसा. मला वर जाऊ द्या."

सूर ओळीच्या मध्येच तुटला. दोर कमरेला काचला.

ती वाचली. पुढे कितीदा त्या हौदाच्या काठाशी उभी राहून गायली. साथ काही पुन्हा आली नाही.

बाबांनो, तुम्ही कधी गायला बसलात तर त्या गप्प झालेल्याची आठवण ठेवा.