गोळी न खाल्लेली मुलगी

सातवीतली पहिली मुलगी कॉम्प्युटरच्या खोलीत भडाभडा ओकली, तेव्हा जंताच्या गोळ्या वाटून फार वेळ झाला नव्हता. दुसरीचं डोकं गरगरायला लागलं, तिसरी भिंतीला धरून खाली बसली, आणि कुणीतरी म्हणालं, "गोळी बाधली!" झालं. त्यानंतर कुणी काही विचारायच्या भानगडीत पडलंच नाही.

बातमी फोनवरून घराघरांत गेली आणि जाताना वाढत गेली. 'गोळी बाधली'ची 'विषारी गोळी' झाली, मग 'दोन मुली गेल्या' झाली. पालक फाटक ढकलून आत आले. मुख्याध्यापकांनी गोळ्या वाटणाऱ्या नर्सला आपल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. तेवढ्यात खिडकीवर दगड आला. काच फुटली, आतून नर्स ओरडली.

दाराला पाठ लावून विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. आत होती ती त्यांची सख्खी नणंद.

"वन्सं, लागलं का?" त्यांनी दारातून विचारलं.

"हाताला लागलंय. वहिनी, गोळ्या चांगल्या होत्या हो. मी तारीख बघूनच दिल्यात."

"बाजूला व्हा बाई," समोर आलेला ट्रकवाला म्हणाला. त्याची मुलगी आजारी मुलांमध्ये होती. "घरचं माणूस म्हणून पाठीशी घालताय. माझी पोर तिकडे आडवी पडलीय!"

बाईंना ते लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. नणंद आत नसती तर आपण इथे अशा उभ्या राहिलो असतो का? आणि वन्संची खरंच चूक झाली असेल तर? नणंद निर्दोष असावी असं वाटणं वेगळं आणि ती निर्दोष असणं वेगळं, हे त्यांना कळत होतं.

"मी कुणाला पाठीशी घालत नाही," त्या म्हणाल्या. "गोळीच असेल तर मी स्वतः कुलूप काढते. पण मला एवढं सांगा, सकाळी पहिल्यांदा गोळ्या पाचवीला दिल्या. ती मुलं कुठायत?"

सगळ्यांच्या माना मैदानाकडे वळल्या. पाचवीची मुलं तिथे हुंदडत होती. गर्दी बघून त्यांना जास्तच चेव आला होता.

"एखाद्याला उशिरा बाधते," मागून कुणीतरी म्हणालं.

"बाधत असेल. म्हणून तर आजारी मुलांना विचारू या. तुम्ही चला माझ्याबरोबर," त्या ट्रकवाल्याला म्हणाल्या. "मी एकटी गेले तर म्हणाल, पढवून आली."

मुख्याध्यापक दाराशी थांबले. ट्रकवाला धुसफुसत बाईंच्या मागे निघाला.

वीज गेलेली होती. जनरेटरवर दिवे लागणारी खोली एकच, म्हणून आजारी मुलांना कॉम्प्युटरच्याच खोलीत सतरंजीवर निजवलं होतं. बाहेर गारठा, त्यामुळे खिडक्या बंद. त्यांच्याजवळ बसलेले चित्रकलेचे सर कपाळ दाबत होते.

"गोळी खाल्लीस ना तू?" ट्रकवाल्याने मुलीला दरडावून विचारलं. तिने मान हलवली.

बाई तिच्याशेजारी टेकल्या. "बाळा, मला अमुकच उत्तर हवंय असं नाही. खाल्ली असशील तर खाल्ली सांग, नसशील तर नाही. कुणी रागावणार नाही. बाबासुद्धा नाहीत."

मुलगी बापाकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "कडू असते म्हणून मी नाही खाल्ली. कंपासपेटीत ठेवलीय."

ट्रकवाल्याने पेटी उघडली. पेन्सिलीच्या तुकड्यांत पांढरी गोळी तशीच पडली होती.

"मग हिला काय झालं?" तो म्हणाला. आवाजातला जोर गेला होता.

"सर, तुम्ही गोळी घेतलीत?" बाईंनी चित्रकलेच्या सरांना विचारलं.

"मी कशाला घेऊ? पण माझंही डोकं फुटायची वेळ आलीय."

गोळी न घेतलेली दोन माणसं आजारी, गोळी घेतलेला अख्खा वर्ग मैदानात धडधाकट. दोघांत सारखं काय? बाईंनी मान वर केली. मागच्या बोळात जनरेटर धडधडत होता. त्याच्याकडच्या खिडकीला एका ठिकाणी काचच नव्हती, पुठ्ठा लावला होता आणि तो सुटून लोंबत होता. धुराचा वास सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो कुणाला जाणवतही नव्हता.

"उचला! सगळ्यांना बाहेर काढा!" त्या किंचाळल्या. "मोकळ्या हवेत न्या! कुणीतरी जनरेटर बंद करा!"

ट्रकवाल्याने आपल्या मुलीला खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हाताने आणखी एकीला ओढलं. बाहेर दगड घेऊन उभे असलेले हात आता मुलं झेलत होते. कोपऱ्यात निजलेली एक मुलगी हाका मारूनही उठेना. तिचे ओठ कोरडे पडले होते, मान लुळी पडत होती. बाई तिचा श्वास बघत बसल्या. रुग्णवाहिका आली तेव्हा त्यांनी तिलाच आधी आत चढवलं.

दवाखान्यात मुलांचं रक्त तपासायला घेतलं आणि त्यांना प्राणवायू लावला. बाकीची संध्याकाळी घरी गेली. न उठणारी मुलगी मात्र तिथेच राहिली आणि घरी परतल्यावरही बरेच दिवस तिचं डोकं दुखायचं. नर्सच्या हाताला टाके पडले. माफी मागायला कुणी आलं नाही. तिने बदली मागून घेतली आणि बाईंनी तिला अडवलं नाही.

शिक्षकांच्या बैठकीत बाईंनी आठवड्यातला एक तास मागितला. ऐकलेली गोष्ट तपासायची कशी, ते शिकवायला.

"याला मार्क किती?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"शून्य. पण सर, दगड मारणाऱ्यांत आपलेच जुने विद्यार्थी होते. पहिल्या नंबराने येणारेसुद्धा. आपण त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली, त्यांना प्रश्न कधी विचारू दिला?"

मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पुढे ओढलं आणि शनिवारचा शेवटचा तास दिला.

पहिल्याच तासाला बाईंनी त्या दिवसाची हकिकत फळ्यावर मांडली. मुलं माना डोलवत होती. ट्रकवाल्याच्या मुलीने मात्र हात वर केला.

"बाई, पण धुरानेच झालं हे कशावरून? तुम्ही म्हणालात आणि सगळ्यांनी ऐकलं. गोळीचंही तसंच झालं होतं ना?"

वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"पुढच्या शनिवारी डॉक्टरांना वर्गात बोलावते," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तात काय सापडलं ते त्यांनाच विचारा. आणि त्यांचंही लगेच खरं मानू नका."