खून मोलकरणीनेच केला

अकरा नंबरचं ब्लेड गळू फोडायला असतं, पण कागदही फार सुरेख कापतं, हे सिस्टरला त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत कळलं. तिने पुस्तक ट्रेमध्ये पालथं घातलं आणि शेवटची चार पानं शिवणीलगत अशी उतरवली की सर्जननेही मान डोलावली असती. रक्तस्राव शून्य.

"काय चाललंय हो?" मावशीने दारातून डोकं आत घातलं.

"ऑपरेशन."

"कुणाचं?"

"दोन नंबरच्या बाईंचं."

"आणि भूल?"

"शुद्धीत असतानाच करायचंय," सिस्टर म्हणाली आणि हात धुतले.

दोन नंबरच्या खाटेवर जुन्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. आता मांडीचं हाड आणि उजवं मनगट मोडून घेऊन त्या आपल्याच वॉर्डात परतल्या होत्या. स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना माणसं विव्हळतात. मेट्रननी डाव्या हाताचं बोट खाटेच्या दांडीवरून फिरवलं, धूळ बघितली आणि मगच विव्हळल्या.

एकोणीस वर्षांपूर्वी, ऐन नाताळात, याच वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची कवळी नाहीशी झाली होती. तिला दोन सोन्याचे दात होते. मेट्रननी विचारलं, "ड्यूटी कुणाची होती?" आणि उत्तर आलं तेच त्यांनी निकाल म्हणून जाहीर केलं. सिस्टरची पर्स सगळ्या वॉर्डासमोर टेबलावर पालथी केली. कंगवा, डोकेदुखीची गोळी आणि घरच्या किल्ल्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी कवळी म्हाताऱ्याच्याच कोटाच्या खिशात सापडली, अर्ध्या बिस्किटात दात रुतवून बसलेली. त्यावर मेट्रन म्हणाल्या, "सापडली म्हणजे चोरली नव्हती असं सिद्ध होत नाही."

सिस्टरच्या सेवापुस्तकात चढलेला चोरीचा शेरा तसाच राहिला. इन्चार्जची जागा दुसरीला गेली. सिस्टरला मिळालं ते फक्त नाव. तेव्हापासून अख्खं हॉस्पिटल तिला 'कवळी सिस्टर' म्हणत होतं. नव्या मावश्यांना वाटायचं, बिचारीचे दात खोटे आहेत. त्या तिला बिस्किट चहात बुडवून द्यायच्या. एप्रिलमध्ये ती निवृत्त होणार होती, आणि निरोपाच्या भाषणातही कुणीतरी हे नाव घेणारच होतं.

तिला एकच वाक्य ऐकायचं होतं: "तू नव्हतीस." एकोणीस वर्षं तिने ते आरशासमोर मेट्रनच्या आवाजात म्हणून बघितलं होतं. आवाज हुबेहूब जमायचा, समाधान होत नव्हतं.

वॉर्डातल्या फळीवर कुण्या पेशंटने दिलेली पाच पुस्तकं होती. पाचही नाताळातल्या खुनांची. दर नाताळात कुठल्या तरी श्रीमंत म्हाताऱ्याला आपल्या सगळ्या शत्रूंना एकदम मुक्कामाला बोलवायची दुर्बुद्धी व्हायची. बर्फ पडून रस्ते बंद व्हायचे, म्हातारा केक खाता खाता मरायचा आणि पोलिसांऐवजी एक स्वेटर विणणारी बाई तपास करायची. मेट्रन असली पुस्तकं डाव्या हाताने अधाशासारखी वाचत. खुनी कोण हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. सिस्टरला सूड घ्यायला एवढी फट पुष्कळ होती. पाचही पुस्तकांची शेपटं तिने उडवली आणि ती पानं न वाचताच एका पाकिटात घातली.

पहिलं पुस्तक संपलं तेव्हा ती मुद्दाम बीपी घ्यायला गेली. एकशेऐंशी तरी यावं अशी तिची अपेक्षा होती. आलं एकशेवीस.

"शेवटची पानं नाहीत यात," मेट्रन शांतपणे म्हणाल्या.

"अगं बाई! मग खुनी कोण ते कळलंच नाही की, मॅडम."

"न कळायला काय झालं? मोलकरीण. पहिल्या पानापासून माहीत होतं मला."

दुसऱ्या पुस्तकातही मोलकरीणच. तिसऱ्यात मोलकरीण नव्हती, तर मेट्रननी घरी दूध टाकणारीला धरलं. त्यांचा चेहरा टवटवीत झाला, जेवण वाढलं. डॉक्टर म्हणाले, "वा, सिस्टर, तुमची शुश्रूषा फळाला आली!"

सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन डोक्याला हात लावून बसली. करायला गेले काय आणि झालं काय! शेवटच कापल्यावर ही बाई जन्मात चुकणार कशी? मग तिने पाकीट काढलं आणि सगळी पानं मायक्रोपोरच्या चिकटपट्ट्यांनी जिथल्या तिथे चिकटवली, टाके पडलेल्या जखमेला लावतात तशी. पुस्तकं पुन्हा खाटेवर नेऊन ठेवली.

"पानं सापडली, मॅडम. बघा तरी."

मेट्रननी तीनही शेवट वाचले. पहिल्यात पुतण्या, दुसऱ्यात वकील, तिसऱ्यात खुद्द पाद्री.

"काय म्हणता मग?" सिस्टरने विचारलं. हातातला थर्मामीटर तिने घट्ट धरला होता.

"लेखकांना कळलेलंच नाही," मेट्रन म्हणाल्या. "तिन्ही खून मोलकरणींनीच केलेत." दूधवालीही आता मोलकरणींत जमा झाली होती.

चौथ्याचंही तेच झालं. पाचव्याच्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मेट्रनच्या डोळ्यांत थेंब घातले. त्यांना सगळं धुरकट दिसू लागलं.

"वाचून दाखव," त्यांनी फर्मावलं. "शेवट तेवढा राहिलाय."

सिस्टरने स्टूल ओढलं. मायक्रोपोर लावलेलं पान उलटलं आणि मनातल्या मनात दोनदा वाचलं. या एका पुस्तकात खून खरोखरच मोलकरणीने केला होता. कबुलीजबाबासकट.

"वाच ना! मोलकरीणच ना?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "घरच्या मालकिणीने केला. आणि आळ मोलकरणीवर घातला."

"मालकीण तर चाकांच्या खुर्चीत आहे."

"उठली."

"असं लिहिलंय?"

"ठळक अक्षरांत."

या वेळी मेट्रननी लेखकाची चूक काढली नाही. औषधाची गाडी वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

"मग त्या पोरीची माफी कुणी मागितली?"

सिस्टरने पानाकडे पाहिलं. तिथे पोरगी बेड्या घालून बर्फातून चालली होती.

"कुणीच नाही. सगळे जेवायला बसले."

"आणि ती?"

"ती वाढत होती."

मेट्रननी धुरकट डोळे तिच्याकडे वळवले. ओठ हलले. सिस्टर पुढे वाकली. तेवढ्यात मावशी संध्याकाळच्या जेवणाचा ट्रे घेऊन आली आणि ओठ पुन्हा मिटले.

सिस्टरने रोजच्यासारखं सूप वाटीत ओतलं, नॅपकिन घेतला, चमचा उचलला.

"ठेव तो," मेट्रन म्हणाल्या. "तू बस. माझं मी घेते."

त्यांनी डाव्या हाताने चमचा चाचपला. पहिला घोट हनुवटीवर गेला, दुसरा गाऊनवर. तिसऱ्या वेळी वाटीच कलंडली आणि सूप चादरीवरून प्लास्टरपर्यंत ओघळत गेलं. मेट्रननी वाटी सरळ केली आणि तळाशी उरलेलं खरवडू लागल्या.

"अहो सिस्टर, भरवा की त्यांना!" मावशी म्हणाली.

सिस्टर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने नॅपकिन पुढे केला नाही, आणि वाटी रिकामी होईपर्यंत ती उठलीही नाही.